इंग्रजी नाटकातली धनगरीण

एका नाटकातल्या तीन वाक्यांवरून मी एका भल्या बाईशी कडाकडा भांडले होते. नाटक इंग्रजी. चारशे वर्षांपूर्वीचं, तिकडं राणीचं राज्य होतं तेव्हाचं. वाक्यं त्यातल्या एका पोरीची. आणि भांडणारी कोण, तर मी, सुभद्रा, सातवी पास, आखाडा बाळापूरच्या बाजारात मेंढराचा भाव नुसत्या नजरेनं सांगणारी. नाटकाचं नाव विचारू नका. मी ते लिहायला गेले तर चुकणार, आणि माझी नात लाल पेन घेऊन टपलेलीच आहे.

मागं राहिलेल्या जावांनो, आणि माझ्यासारख्याच पत्र्याच्या पेट्या उचलून गावोगाव पांगलेल्या पोरींनो, आधी पोटभर हसून घ्या. मग सांगते.

आम्ही गाव सोडलं तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. आम्ही इकडं आलो आणि मागं हिंगोली जिल्हा झाला. सासरी गेलेल्या पोरीच्या माहेरानं आडनाव बदलावं, तसं मला वाटलं होतं. माझ्या लेकीचे, रंजीचे बाबा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. त्यांना बढती मिळाली, पण ती सांगलीला. बाळापूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतो. सासऱ्यांनी घरच्या लोकरीची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. रंजी तेव्हा अठराची. घोंगडीचा वास येतो म्हणून ती दोन हात लांब उभी राहिली. ते मी पाहिलं, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनंही पाहिलं. गाडी लागली तशी आत्याबाईंनी मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "लेकरू आपल्यावानी बोलतं तवर आपलं. बोली बदलली की पाव्हणं झालं समज."

हे वाक्य मी घोंगडीत गुंडाळून सांगलीला नेलं. नसतं नेलं तर बरं झालं असतं.

सांगलीत आम्हाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली माईणकर बाई. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरात पुस्तकं एवढी, की बसायला सांगितलं तर आधी एक गठ्ठा उचलावा लागायचा. रंजीचं बी.ए.चं पहिलं वर्ष झालं आणि इंग्रजीचा पेपर राहिला. सासऱ्यांनी फोनवरून यांना निरोप दिला, "यंदा बी इंग्रजीत गेली तर पोरगी इकडं आणून घाला. जवळा बाजारचं स्थळ थांबून हाय." स्थळ कापसाच्या व्यापारातलं होतं, खाऊन-पिऊन सुखी. पण रंजीनं ते ऐकलं आणि रात्रीची भाकर तशीच ताटात ठेवली.

बाईंना कुठून तरी कळलं. त्या स्वतः जिना चढून आल्या. "रंजनाला रोज संध्याकाळी पाठवा की खाली. फी वगैरे काही नको. मला तरी कुठं कुणी आहे वाचायला?"

मी तोंडानं "उपकार झाले बाई" म्हटलं. मनात म्हटलं, हिला पोरगी कशाला पाहिजे?

आता त्या वेळच्या सुभद्राची गंमत पाहा. पोरगी पास व्हावी म्हणून ती देवीला नवस बोलली होती. पण पोरगी दुसऱ्या बाईच्या हातून पास होणार म्हटल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायचं. रंजी वही घेऊन निघाली की मला ओवा आठवायचा, जिऱ्याची पुडी सापडायची नाही, नाहीतर चक्कर यायची. एकदा तर मी खालच्या दाराची कडी वाजवून "रंजे, दूध उतू चाललंय" असं ओरडले. पोरगी धावत वर आली. घरात दूधच नव्हतं.

ती घरी आली की तिच्या तोंडात "बाई म्हणतात". बाई म्हणतात, चहात वेलची छान लागते. बाई म्हणतात, एकच वेणी घाल, चेहरा मोकळा दिसतो. ती वेणी मी लहानपणापासून घालत आले होते, दोन, तेल चोपडून, लाल रिबिनीच्या. आता आरशासमोर ती एकटीच उभी राहायची. कॉलेजात पोरी 'काहून'ला हसल्या म्हणून तिनं तो शब्दच टाकून दिला. आपल्यात सकाळपासून रात्रीपर्यंत कितींदा 'काहून' येतो! काहून आला, काहून गेला, काहून रडून राहिला. त्याच्या जागी तिनं 'का बरं' आणलं. तिचं 'का बरं' ऐकलं की मला आत्याबाई आठवायच्या. पाव्हणी आली, पाव्हणी.

तर एका संध्याकाळी मी तिला जेवायला बोलवायला खाली गेले. दार लोटलेलं होतं. आतून रंजीचा आवाज आला. सावकाश, भरलेला आवाज. घरात तिनं तसा आवाज कधी काढला नव्हता.

"मेंढरांच्या वासात वाढले मी. त्या खोपीत माझं कोण होतं? आता तुम्हीच माझी आई."

आणि बाई म्हणाल्या, "ये, माझ्या बाळा."

बायांनो, माझ्या अंगातलं सगळं बळ एकदम जिभेत आलं. मी दार ढकललं.

"मेंढराचा वास येऊन राहिला व्हय तुला? त्याच मेंढरांवर तुझा बाप शिकला! आन् बाई, तुमाला येवढी लेकराची हौस व्हती, तर सोताचं जन्माला घालायचं व्हतं!"

बाईंच्या हातात पुस्तक होतं. त्यांनी ते मिटलं नाही, फक्त मांडीवर उपडं ठेवलं.

"आई, अगं नाटक आहे हे!" रंजी किंचाळली.

"मंग! नाटकंच करून राहिल्या तुमी दोघी!" मी म्हटलं आणि तिचा दंड धरून तिला वर ओढत आणलं.

घरी आल्यावर रंजीच्या बाबांनी सगळं विचारून घेतलं. बाई रोज एकेक उतारा वाचायच्या आणि रंजीला त्याचा अर्थ मराठीत, त्याच पात्राच्या तोंडानं, बोलून दाखवायला लावायच्या. बाई सरदारीण झाल्या होत्या, रंजी धनगरवाड्यात वाढलेली पोर. हे एवढे हसले की पायजम्यावर चहा सांडला. मग बाईंना मी काय बोलले ते रंजीनं सांगितलं. त्यांचं हसू थांबलं. कप खाली ठेवून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. काही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

रंजीनं खाली जाणं सोडलं. आणि माझ्याशी ती तुम्ही-आम्ही करून बोलायला लागली. "तुम्ही जेवून घ्या." "तुमचं पाणी तापलंय." पोटची पोर आईला 'तुम्ही' म्हणते, आणि तेही इतक्या अदबीनं, की चिडावं कशावर तेच कळत नाही. सासू म्हणून पाहायला आलेल्या बाईशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलायची.

परीक्षा जवळ आली. पेपरात अर्धे मार्क त्या नाटकाचे. मी म्हटलं, त्यात काय एवढं, मी शिकवते. हसू नका. बाजारातून गाईड आणलं, यांच्या ऑफिसातून इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली, आणि पदर खोचून पोरीसमोर बसले. ती वाचणार, मी डिक्शनरीत शोधणार.

पहिलाच शब्द आडवा आला. वेअरफोर. आमच्या फाटक्या डिक्शनरीत तो काही सापडेना. मी म्हटलं, फोडून पाहू. वेअर म्हणजे कुठे, फोर म्हणजे साठी. झालं की! कुठेसाठी. रंजीनं वहीत लिहिलं, 'धनगरीण विचारते, तू कुठेसाठी गेलीस?' मग आला कझिन. डिक्शनरी म्हणाली चुलतभाऊ. आता त्या नाटकात राजा सरदाराला कझिन म्हणतो, सरदार जावयाला कझिन म्हणतो, पुतणीसुद्धा कझिन. मी म्हटलं, "येवढी भावकी? मंग लग्नं कोणाशी लावून राहिले हे?" रंजीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तिला आठवलं की ती रुसलेली आहे.

नंतर एक उतारा असा आला की त्यातला एकेक शब्द सापडला आणि अर्थ काही सापडला नाही. धनगरीण त्या पोरीला 'फूल' म्हणते. आपलं फूल नाही, त्यांचं, म्हणजे मूर्ख. रंजीनं लिहिलं, 'धनगरीण तिचा छळ करते.' मला ते लागलं. मी म्हटलं, "काहून छळ करील? सांभाळली तिनं. नदीच्या पुरात वाहत आलेली टोपली काढली, शेळीच्या दुधावर वाढवली."

"मग मूर्ख का म्हणते?"

"मी तुला येडे म्हणतेच की. तो छळ हाय का?"

रंजी वही बंद करून म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं ते. मी नापास होणार. मला जवळ्याला देऊन टाका." आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तिची पाठ हलत होती. त्या पाठीकडं पाहताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या जळण्याचं बिल तिच्या नावावर फाटणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन खाली गेले. दार वाजवलं.

"बाई, विरजण आहे का थोडं?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "विरजण हवंय की अर्थ?"

"दोन्ही द्या," मी म्हटलं. आणि मग, वाटीकडं बघत, "त्या दिवशी माझी जीभ..."

"जीभ चांगली आहे हो तुमची," बाई म्हणाल्या. "मला लागलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मग वाटलं, धनगरणीचं काम हीच बाई करील. रंजना फार गोड वाचते ते. बोलवा तिला. आणि तुम्ही पण बसा."

अशी मी इंग्रजी नाटकात शिरले. बाईंनी माझी वाक्यं देवनागरीत लिहून दिली. मी ती वाचायची, म्हणजे ज्वारीत खडे लागावेत तसे शब्द दाताखाली यायचे. प्रसंग असा, की पोर सरदारणीबरोबर महालात राहायला गेलेली, न सांगता. तिला वाढवणारी म्हातारी धनगरीण रानावनातून चालत तिथवर येते आणि विचारते.

"हा कुठेसाठी आला बघा," मी म्हटलं.

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. "कुठे नाही हो. का. कशासाठी. जुना शब्द आहे, आता इंग्रजसुद्धा बोलण्यात वापरत नाहीत."

"म्हणजे काहून!" रंजीच्या तोंडून गेलं आणि तिनं जीभ चावली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही बाई. आमच्या गावाकडं का बरंला म्हणतात."

"मग तसंच म्हण की. 'का बरं' काय! एवढी चालून आलेली म्हातारी 'का बरं' म्हणेल होय?"

'फूल'चंही तेच झालं. त्या काळी लाडानं म्हणायचे, बाई म्हणाल्या, वेडे, खुळे, तसं. मी रंजीकडं असं पाहिलं की जणू ते नाटक मीच लिहिलं होतं. पण माझा खरा काटा वेगळाच होता. मी विचारलं, "ती पोरगी शेवटी आई कोणाला मानते? ह्या सरदारणीलाच ना?"

बाई म्हणाल्या, "ते तो लिहिणारा कुठंच सांगत नाही. पण दोन शब्द बघा. तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखंच होतं, तू वेगळं आणि तुम्ही वेगळं. आता त्यांच्यात सगळ्यांना एकच. ही पोर सरदारणीला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणते. म्हातारीला म्हणते 'तू'."

मी काय सोडते! "तू तर मोलकरणीला बी म्हणत्यात."

"म्हणतात," बाई हसल्या. "म्हणून मागचा अंक बघा. तिथं ती म्हातारीवर रुसलेली आहे. तिथं तिलाच 'तुम्ही, तुम्ही' करते. रुसवा गेला की पुन्हा 'तू'."

रंजी पुस्तकात एवढी खाली वाकली की नाक पानाला लागायला आलं. आणि मला वाटलं, त्या दिवशी दाराबाहेर मी हे कसं ऐकलं नाही? "तुम्हीच माझी आई." आईला कोणतं लेकरू तुम्ही म्हणतं? भांडणाचं औषध त्याच वाक्यात होतं आणि मी वाक्य अर्धंच गिळलं होतं.

"चला, पुढं," बाई म्हणाल्या.

रंजीनं तिचं इंग्रजी वाचलं आणि मग अर्थ बोलली. "तू चालत आलीस? एवढ्या लांब? तुझे पाय बघू."

पुढचं वाक्य माझं होतं. कागदावरची अक्षरं मला दिसेनात.

"आई, वाच ना गं," रंजी म्हणाली. "तू काय थांबलीस?"

मी वाचलं. कसं वाचलं ते विचारू नका. बाई म्हणाल्या, उच्चार एकही बरोबर नव्हता, पण दुरुस्त करायला मन झालं नाही.

त्या प्रसंगानंतर म्हातारी नाटकात पुन्हा येतच नाही. शेवटी महालात लग्नं लागतात, वाजतं-गाजतं, सगळे कझिन जमतात, आणि सांभाळणारीचं नावसुद्धा कुणी काढत नाही. मला संताप आला. "मेली का ती? का मेंढरं राखून राहिली? काही तर सांगायचं!"

तेव्हा बाईंनी सांगितलं की त्या काळी बायका नाटकात काम करत नसत. बायांची कामं पोरं करायची, आणि पोरं थोडी, म्हणून एकाच पोराला दोन-दोन सोंगं. धनगरीण आणि सरदारीण संबंध नाटकात एकदाही समोरासमोर येत नाहीत. "बहुतेक एकच पोरगा दोन्ही करत असणार. तो तिकडं झगा बदलायला गेलेला असतो, धनगरीण येणार कुठून?"

आमच्या गावात धाकटे दीर मिशा काढून सोंगात बाई व्हायचे. राणी तेच आणि राणीची दासी तेच. दासी पाणी आणायला गेली की ती गेलीच, पाच मिनिटांनी राणी यायची, आणि तिचं लुगडं घाईत उलटं नेसलेलं असायचं. म्हणजे मी ज्या दोन आयांवरून रक्त आटवलं, त्या एकाच मिसरूड फुटलेल्या पोराच्या दोन झग्यांत होत्या! मी हसत सुटले. बाई हसल्या. रंजी आम्हा दोघींकडं बघत म्हणाली, "माझा पेपर आहे परवा."

पोरगी पास झाली. सेकंड क्लास. मी गल्लीत पेढे वाटायला निघाले तर प्रत्येक घरात हाच प्रश्न, "परत?" बाई सकाळीच वाटून गेल्या होत्या! पुन्हा पोटात दुखलं. मी त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, "बाई, पोरगी कोणाची?" त्या म्हणाल्या, "पेढे कुणाचे चांगले ते गल्लीला विचारा." जवळ्याच्या स्थळाला सासऱ्यांनी आपण होऊन नकार कळवला. कळवताना म्हणाले म्हणे, नात इंग्रजीत पास हाय, तुमच्या पोराला झेपायची न्हाई.

मत्सर गेला का? छे! तो आमच्यात राहिला, घरातल्या मांजरासारखा. रंजी पुढं बाहेरगावी राहून एम.ए. झाली, इंग्रजीचीच. बाईंशी ती फोनवर इंग्रजीत हसायची. ते हसणं मला कळायचं नाही, म्हणून मी मधेच फोन ओढून विचारायची, जेवलीस का, स्वेटर घातलास का. हे प्रश्न विचारायचा हक्क बाईंना नव्हता, एवढंच माझं समाधान.

नंतर उलटंच झालं. रंजीला नोकरी लागली ती नांदेडच्या कॉलेजात. ज्या वाटेनं आम्ही तिला आणलं त्याच वाटेनं ती माघारी गेली. लग्न तिकडंच झालं, मुलगी तिकडंच झाली. आता ती सुट्टीत बाळापूरला जाते आणि वर्गात पोरांना म्हणते, "काहून बोलून राहिले रे मागं?" आणि मी, जिला गाव सोडताना रडू आवरत नव्हतं, ती सांगलीत 'या की, बसा की' करत बसलेली. गावी गेले की जावा म्हणतात, सांगलीवाली आली. पाटावर बसवतात, चहा कपबशीतून देतात. पाव्हणी कोण झाली ते आत्याबाई पाहायला नाहीत, नाहीतर त्यांनी माझाच कान धरला असता.

रंजीचे बाबा निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, चल गावी. मी म्हटलं, जाऊ की, एवढं नाटक संपू द्या. कारण बाईंचं आणि माझं वाचन काही थांबलं नव्हतं. एक संपलं की दुसरं. बाई राण्या करायच्या, मला दायांची, म्हाताऱ्यांची आणि भांडखोर बायांची कामं. माझे उच्चार अजून खड्यासारखेच. पण आता मला आधीच कळतं की कोण रुसलंय. सरदार बायकोला तुम्ही म्हणायला लागला की मी बाईंना सांगते, आता बघा, चौथ्या अंकात हा घोळ घालणार.

मध्ये एका दिवाळीला रंजी न कळवता आली. आईला चकित करावं म्हणून. रात्रभर बसमधून हाडं खिळखिळी झालेली, कडेवर पोरगी, खांद्यावर पिशवी, आणि वर येऊन पाहते तर दाराला कुलूप. हे बाजारात गेलेले. मी खाली, बाईंच्या घरात, दोन खुर्च्या एकमेकींना लावून, चष्मा नाकावर, एका दुष्ट सासूचं भाषण ठोकत होते. बाई "वा, वा" म्हणत होत्या. चहा दोघींचा, वेलची घातलेला.

दार लोटलेलंच असतं त्यांचं. मी वर पाहिलं तर रंजी उंबऱ्यात उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मी उठले, नातीला घ्यायला हात पुढं केले. तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. डोळे लाल. बाईंना नमस्कार नाही, काही नाही. तिचं तोंड पाहून मला आधी भीती वाटली, आणि मग पोटात असा आनंद झाला म्हणून सांगू! ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. मी ते बरेच दिवस स्वतःच घालून फिरले होते.

कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, एका लेकराची आई असलेली माझी पोरगी, पिशवी जमिनीवर आपटून म्हणाली, "मी आले की तू घरात पायजेस. बाईंकडं मी गेल्यावर जा."